करोनाकाळात शोधनिबंधांचे परीक्षण खरोखर ढासळले का?

आपल्या प्रश्नाचा गोषवारा प्रथम मांडतो. कर्ली खाडीतील कुर्ल्यांवरचा, म्हणजे खेकड्यांवरचा, आपला शोधनिबंध २०२० च्या पावसाळ्यात एका आंतरराष्ट्रीय शोधपत्रिकेकडे गेला. निर्णय यायला पुढच्या वर्षीचा गणेशोत्सव उजाडला, आणि आलेल्या दोन अभिप्रायांपैकी एक जेमतेम तीन ओळींचा होता. त्याच काळात करोनावरचे निबंध आठ-दहा दिवसांत स्वीकारले जात होते आणि त्यांतले काही पुढे मागेही घ्यावे लागले. तेव्हा पीअर रिव्ह्यूची, म्हणजे तज्ज्ञांकडून होणाऱ्या परीक्षणाची पद्धत त्या दोन वर्षांत कोलमडली होती का, आपल्यासारख्यांवर त्यात अन्याय झाला का, आणि त्या काळातले साहित्य प्रबंधात कितपत विश्वासाने वापरावे, असे आपण विचारले आहे.

मी रत्नागिरीत वनस्पतिशास्त्र शिकवले आणि बरीच वर्षे जीवविज्ञानाच्या एका शोधपत्रिकेत सहसंपादक म्हणून काम करतो आहे. परीक्षकांना विनंतीपत्रे पाठवणे, त्यांचे नकार वाचणे आणि पुन्हा नवी नावे शोधणे हे माझे नेहमीचे काम. त्या अनुभवावरून माझे मत असे झाले आहे की घाई झाली म्हणून चुका झाल्या, हे उत्तर सोपे असले तरी अपुरे आहे. परीक्षण ज्या गोष्टी पूर्वीपासून तपासतच नव्हते, त्या महासाथीने उघड्या पाडल्या. आणि करोनाच्या निबंधांना जो वेग मिळाला, तो नवीन माणसे आणून नव्हे, तर आपल्यासारख्यांच्या निबंधांसाठी असलेले तास तिकडे वळवून मिळाला.

आधी आवक किती वाढली ते पाहावे. एल्सेव्हिअर या एकाच प्रकाशन संस्थेकडे २०२० च्या फेब्रुवारी ते मे या चार महिन्यांत आदल्या वर्षीच्या तुलनेत ५८ टक्के अधिक निबंध आले. आरोग्य आणि वैद्यक या शाखांमध्ये ही वाढ ९२ टक्के होती. पहिला रुग्ण नोंदला गेल्यापासून दहा महिन्यांत जगभरात करोनाविषयक सव्वा लाखाहून अधिक शोधलेख प्रसिद्ध झाले आणि त्यांतले ३० हजारांहून अधिक प्रीप्रिंट, म्हणजे परीक्षणापूर्वीच खुले केलेले मसुदे होते. वैद्यकाच्या चौदा शोधपत्रिकांच्या एका पाहणीत करोनाविषयक निबंधांचा सादर करण्यापासून छापून येण्यापर्यंतचा काळ जवळजवळ निम्म्यावर आल्याचे दिसले.

आता हे तपासणार कोण? महासाथीच्या आधीच, २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अहवालात असे आढळले होते की एकूण परीक्षणांपैकी निम्मी परीक्षणे केवळ दहा टक्के परीक्षक करतात. म्हणजे भार आधीच थोड्या खांद्यांवर होता. श्वसनरोग, विषाणुशास्त्र आणि साथरोगशास्त्र जाणणारे लोक २०२० मध्ये एकतर रुग्णालयात होते किंवा प्रयोगशाळेत नमुने तपासत होते. त्यामुळे संपादकांनी शेजारच्या शाखांकडे मोर्चा वळवला. विषाणूशी ज्यांचा दुरूनही संबंध नव्हता अशा वनस्पतिशास्त्रज्ञांना, रसायनशास्त्रज्ञांना, संख्याशास्त्रज्ञांना ‘सात दिवसांत अभिप्राय द्यावा’ अशी पत्रे येऊ लागली, आणि त्यांच्या टेबलावरचे खारफुटीचे, कुर्ल्यांचे, आंब्यावरच्या तुडतुड्यांचे निबंध बाजूला पडले. आपल्याला आलेला तीन ओळींचा अभिप्राय कोणी लिहिला हे मला ठाऊक नाही, परंतु तो कशा परिस्थितीत लिहिला गेला असावा याचा अंदाज मी करू शकतो.

त्यात आपल्या किनाऱ्याची परिस्थिती आणखी वेगळी होती. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या बाजूने जमिनीवर आले आणि दापोली-मंडणगड भागात घरांचे छप्पर, नारळी-पोफळीच्या बागा आणि विजेचे खांब सगळेच आडवे झाले. दापोलीकडच्या एका परीक्षकाने निबंध स्वीकारलेला होता. मुदत उलटताच संगणकप्रणालीने त्याला आपोआप आठवणीची पत्रे धाडायला सुरुवात केली, आणि गावात वीज नसल्यामुळे ती त्याने वाचली तेव्हा त्याच्या नावापुढे ‘प्रतिसाद नाही’ असा शेराही पडून गेला होता. मोबाइलला रेंज मिळावी म्हणून सड्यावर, म्हणजे गावावरच्या कातळपठारावर, चढून बसणारी मुले आपण सर्वांनी पाहिली. त्याच सड्यावर त्यांचे प्राध्यापकही बसलेले असत, एवढे मात्र बातम्यांत फारसे आले नाही. पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते आणि जुलैमध्ये चिपळूणचा पूर. प्रकाशन संस्थांच्या प्रणालींत मुदतवाढीचे बटण असते, पण ते दाबण्यासाठी आधी इंटरनेट लागते.

माझ्या स्वतःच्या टेबलावर जे आले, त्याविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण परीक्षणाचा दर्जा म्हणजे नेमके काय, हे त्यावरून नीट कळते. प्रयोगशाळा बंद झाल्या तेव्हा घरी बसून करता येण्याजोगे संशोधन दोनच प्रकारचे उरले. एक म्हणजे गूगल फॉर्मवरची प्रश्नावली व्हॉट्सॲपवर फिरवून केलेली पाहणी. तिच्यात उत्तरे देणारे सगळे लेखकाचेच विद्यार्थी, नातेवाईक आणि सहकारी असत, आणि निष्कर्ष मात्र ‘भारतीय जनते’विषयी काढलेला असे. दुसरा प्रकार डॉकिंगचा, म्हणजे एक रेणू दुसऱ्यात कसा बसेल हे संगणकावर पाहण्याचा. करोना विषाणूच्या मुख्य प्रोटिएज या विकराची, म्हणजे एन्झाइमची, त्रिमितीय रचना फेब्रुवारी २०२० च्या सुरुवातीला प्रोटीन डेटा बँकेत ‘६एलयू७’ या क्रमांकाखाली खुली झाली. ही रचना आणि ऑटोडॉक व्हिना हे मोफत सॉफ्टवेअर घेतले की कोणत्याही वनस्पतीतील रेणू त्या विकराच्या खोबणीत कसा बसेल, याचे गणित साध्या लॅपटॉपवर होते. मग तुळस झाली, अडुळसा झाला, गुळवेल झाली, हळद झाली, आणि आपल्याकडून कोकम आलेच. बहुतेक हस्तलिखितांचा साचा एकच असे: शेवटी एक तक्ता, त्यात पंधरा-वीस रेणूंची बंधन-ऊर्जा (ती जितकी अधिक उणे, तितकी पकड घट्ट असे मानतात), उणे ८.१ किलोकॅलरी असलेला रेणू उणे ७.७ वाल्यापेक्षा ‘अधिक प्रभावी’ ठरवलेला, आणि समारोपात ‘औषध म्हणून विचार व्हावा’ असे वाक्य.

आता परीक्षकाने यात काय पाहायला हवे? पहिली गोष्ट अशी की व्हिनाच्या अंदाजातली प्रमाण त्रुटीच दोन-तीन किलोकॅलरींच्या घरात आहे, त्यामुळे ०.४ च्या फरकावरून क्रम लावण्याला अर्थ नाही. दुसरी अधिक बारीक आहे. ‘६एलयू७’ मध्ये त्या विकरासोबत एन३ नावाचा अवरोधक, म्हणजे त्याचे काम रोखणारा रेणू, आधीच अडकलेला आहे, आणि तो १४५ व्या स्थानावरील सिस्टीन या अमिनो आम्लाला सहसंयुज बंधाने जोडलेला आहे. प्रथम हा एन३ काढून, पुन्हा डॉक करून, तो मूळ जागी बसतो का हे लेखकाने दाखवले पाहिजे. आणि नेहमीच्या डॉकिंगमध्ये सहसंयुज बंध धरलाच जात नाही, याचाही खुलासा केला पाहिजे. माझ्याकडे आलेल्या हस्तलिखितांपैकी फारच थोड्यांत हे होते. पण खेदाची बाब अशी की अनेक अभिप्रायांतही हा प्रश्न विचारलेला नसे. ‘भाषा सुधारावी’, ‘संदर्भ अद्ययावत करावेत’, ‘स्वीकारण्यास हरकत नाही’ एवढ्यावर परीक्षक थांबत. त्यांना सात दिवसांऐवजी सत्तर दिवस दिले असते तरी त्यांनी वेगळे काही लिहिले असते असे मला वाटत नाही, कारण ते त्या विषयातले नव्हतेच. वेळ कमी होता हे खरे, पण योग्य माणसाची निवड चुकली ही त्याहून मोठी अडचण होती, आणि तिची जबाबदारी परीक्षकापेक्षा आम्हा संपादकांकडे अधिक येते.

हे उदाहरण लहान आहे. मोठी उदाहरणेही हेच सांगतात. फ्रान्समधील मार्सेच्या संशोधकांचा हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या मलेरियावरच्या औषधाविषयीचा निबंध १६ मार्च २०२० रोजी सादर झाला आणि १७ मार्चला स्वीकारला गेला. रुग्ण एकूण ३६. औषध घेतलेल्यांपैकी सहा जण विश्लेषणातून वगळले गेले. त्यांतले तिघे अतिदक्षता विभागात हलवले गेले होते आणि एकाचा मृत्यू झाला होता. लेखकांपैकी एक त्याच शोधपत्रिकेचे मुख्य संपादक होते. यातली प्रत्येक त्रुटी निबंधातच लिहिलेली होती, दहा मिनिटे शांतपणे वाचणाऱ्याला दिसण्यासारखी. तरीही जगभर त्या औषधाची मागणी वाढली, आपल्याकडेही आयसीएमआरने, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, मार्च महिन्यातच आरोग्य कर्मचाऱ्यांना प्रतिबंधक म्हणून ते सुचवले, आणि निबंध अधिकृतपणे मागे घेतला जायला डिसेंबर २०२४ उजाडले.

त्याच औषधाविषयी उलट निष्कर्ष काढणारा लॅन्सेटमधील निबंध २२ मे २०२० चा. त्यात सहा खंडांतील ६७१ रुग्णालयांतील ९६,०३२ रुग्णांची माहिती असल्याचे म्हटले होते. जगातल्या अग्रगण्य शोधपत्रिकेत, रीतसर परीक्षण होऊन तो छापला गेला, आणि तीनच दिवसांनी जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या चाचणीतला त्या औषधाचा भाग थांबवला. चूक सापडली ती आकड्यांच्या साध्या ताळमेळातून: ऑस्ट्रेलियात २१ एप्रिलपर्यंत या निबंधानुसार ७३ मृत्यू होते, तर संपूर्ण देशाची त्या दिवसापर्यंतची सार्वजनिक नोंद ६७ होती. शंभराहून अधिक शास्त्रज्ञांनी खुले पत्र लिहिले. माहिती पुरवणाऱ्या सर्जिस्फिअर या कंपनीने मूळ नोंदी दाखवण्यास नकार दिला, आणि ४ जून रोजी निबंध मागे घेतला गेला. त्याच दिवशी न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिननेही त्याच कंपनीच्या माहितीवर आधारलेला एक निबंध मागे घेतला. येथे परीक्षकांनी आळस केला असे मी म्हणणार नाही. परीक्षकाला तक्ते मिळतात, मूळ नोंदी मिळत नाहीत. ही पद्धत महासाथीपूर्वीही तशीच होती आणि बहुतांश ठिकाणी आजही तशीच आहे. लॅन्सेटने त्यानंतर नियम बदलून, एकाहून अधिक लेखकांनी मूळ माहिती स्वतः पाहून पडताळल्याचे लिहून द्यावे, असा आग्रह धरला. माझ्या मते त्या दोन वर्षांतल्या साऱ्या सुधारणांपैकी ही सर्वांत महत्त्वाची आहे.

याच्या नेमके उलट डेक्सामेथासोन या स्टेरॉइडचे. ब्रिटनमधील रिकव्हरी चाचणीचा निकाल १६ जून २०२० रोजी जाहीर झाला, २२ जूनला प्रीप्रिंट आले आणि परीक्षण झालेला निबंध १७ जुलैला. चाचणीत ६,४२५ रुग्ण होते. व्हेंटिलेटरवर असलेल्यांतील २८ दिवसांतील मृत्यूंचे प्रमाण नेहमीच्या उपचारांत ४१.४ टक्के, तर औषध दिलेल्यांत २९.३ टक्के होते. परीक्षण पूर्ण होण्यापूर्वीच डॉक्टरांनी ते औषध वापरायला सुरुवात केली आणि त्यात काही चुकले नाही, कारण चाचणीचा आराखडा आधीपासून सर्वांसमोर होता आणि रुग्णांची विभागणी चिठ्ठीपद्धतीने झालेली होती. तेव्हा ‘परीक्षण झाले म्हणजे खरे, प्रीप्रिंट म्हणजे कच्चे’ हा आपल्याकडे शिकवला जाणारा भेद या दोन उदाहरणांपुढे टिकत नाही.

प्रीप्रिंट निर्दोष असतात असे मात्र नाही. ३१ जानेवारी २०२० रोजी दिल्लीतील संशोधकांचे एक हस्तलिखित बायोआर्काइव्ह या प्रीप्रिंटच्या संकेतस्थळावर आले. करोनाच्या काटेरी प्रथिनातले काही तुकडे एचआयव्हीशी ‘विलक्षण’ साम्य दाखवतात, असा त्यात दावा होता. इतके आखूड तुकडे कितीतरी सजीवांत योगायोगाने सापडतात, हे इतर शास्त्रज्ञांनी काही तासांत दाखवून दिले आणि लेखकांनी दोन दिवसांत ते मागे घेतले. दुरुस्ती इतक्या झपाट्याने झालेली मी छापील शोधपत्रिकेत कधी पाहिली नाही. तोवर ती अफवा आपल्या आळीतल्या व्हॉट्सॲप गटापर्यंत पोहोचली होती, हा भाग वेगळा.

आयव्हरमेक्टिन या जंतांवरच्या औषधाच्या बाबतीत ती दुरुस्ती फार उशिरा झाली, आणि ते प्रकरण आपल्या दाराशी घडले. इजिप्तमधील एका चाचणीचे प्रीप्रिंट नोव्हेंबर २०२० मध्ये रिसर्च स्क्वेअर या संकेतस्थळावर आले आणि मृत्यूंत मोठी घट दाखवणारे म्हणून एकत्रित विश्लेषणांत घेतले गेले. १० मे २०२१ रोजी गोवा सरकारने अठरा वर्षांवरील सर्वांना प्रतिबंधक म्हणून आयव्हरमेक्टिन देण्याचे जाहीर केले, वास्तविक चाचण्यांबाहेर हे औषध वापरू नये असे जागतिक आरोग्य संघटनेने मार्चअखेरीसच सांगितले होते. बांदा-सावंतवाडीकडची माणसे कामाला गोव्यात आणि उपचाराला बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात जाणारी. त्या गोळ्या सीमेवर थांबल्या नाहीत. जुलैत लंडनमधील एका विद्यार्थ्याने ते प्रीप्रिंट अभ्यासासाठी उघडले, प्रस्तावनेत उसनी वाक्ये पाहिली आणि मग मूळ माहितीची फाइल उघडली. तिचा पासवर्ड ‘१२३४’ होता. आत काही रुग्णांचे मृत्यू चाचणी सुरू होण्यापूर्वीच्या तारखांचे होते आणि काही नोंदी पुन्हा पुन्हा उतरवलेल्या होत्या. प्रीप्रिंट काढून टाकले गेले. आपल्याकडच्या राष्ट्रीय उपचार-मार्गदर्शिकेतून ते औषध सप्टेंबर २०२१ मध्ये वगळले गेले. मूळ फाइल उघडून पाहणारा पहिला माणूस परीक्षकही नव्हता आणि संपादकही नव्हता, ही गोष्ट मला अजून बोचते.

आता आपल्या तक्रारीकडे येतो. अन्याय झाला का? झाला, पण त्याचा सर्वांत मोठा भार आपल्यावर पडला असे मी म्हणणार नाही. एल्सेव्हिअरच्या दोन हजारांहून अधिक शोधपत्रिकांच्या अभ्यासात दिसले की पहिल्या लाटेत सर्वांचीच आवक वाढली, परंतु स्त्रियांनी पाठवलेल्या निबंधांची वाढ पुरुषांच्या मानाने कमी राहिली, आणि ही तफावत तरुण वयोगटात अधिक होती. कारण शोधायला आकडेशास्त्र नको; ऑनलाइन तास, घरी असलेली मुले, सासू-सासऱ्यांची औषधे आणि स्वयंपाक एकाच बाईकडे होता, आणि निबंध लिहिण्यासाठी लागणारा सलग वेळ तिला रात्री अकरानंतर मिळत होता. त्या काळातल्या प्रकाशनांच्या संख्येवरून आज मुलाखतीत गुण देणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे, पण मी ज्या समित्यांवर बसलो तेथे ते घेतलेले क्वचितच दिसले.

काही शोधपत्रिकांनी शहाणपणही दाखवले. ईलाइफने मार्च २०२० मध्येच परीक्षकांना सांगितले की प्रयोगशाळा बंद असताना जादा प्रयोग मागू नका. हाती असलेल्या पुराव्यावर निष्कर्ष टिकतो का एवढेच पाहा, आणि टिकत नसेल तर निष्कर्ष आवरता घ्यायला सांगा. ही सवय महासाथीनंतरही राहायला हवी होती. उलट टिकून राहिला तो विशेषांकांचा धंदा. पाहुणे संपादक नेमून एकामागून एक विशेषांक काढण्याचा प्रकार आधीपासून होता. आवक वाढली तसा तो फोफावला आणि त्यात बनावट परीक्षकांच्या टोळ्या शिरल्या. वायली या प्रकाशकाने जानेवारी २०२१ मध्ये हिंदावी ही प्रकाशन संस्था विकत घेतली, आणि एकट्या २०२३ मध्ये हिंदावीचे आठ हजारांहून अधिक निबंध मागे घ्यावे लागले. आपल्याकडे पदोन्नतीसाठी निबंधांची मोजदाद होते तोवर असल्या विशेषांकांना कोकणातूनही गिऱ्हाईक मिळत राहील.

प्रबंधापुरते सांगायचे तर २०२०-२१ हे साल पाहून एखादा निबंध टाळू नका आणि स्वीकारण्याचे दिवस मोजून तर मुळीच टाळू नका. निबंधासोबत मूळ माहिती खुली आहे का, आणि नसल्यास ती कोणी पाहिली हे लिहिले आहे का, ते पाहा. मागे घेतलेल्या निबंधांची नोंद ठेवणाऱ्या रिट्रॅक्शन वॉचच्या यादीत नाव शोधा. मागे घेतलेल्या निबंधांचे संदर्भ देणे वर्षानुवर्षे चालू राहते, त्यामुळे दुसऱ्याच्या संदर्भसूचीवरून संदर्भ उचलू नका. प्रीप्रिंटचा आधार घेत असाल तर पाहिल्याची तारीख आणि कितवी आवृत्ती हे द्या, आणि नंतर ते शोधपत्रिकेत आले असल्यास दोन्हींचे आकडे जुळवून पाहा. कोव्हॅक्सिनच्या तिसऱ्या टप्प्याचे प्रीप्रिंट जुलै २०२१ चे आणि लॅन्सेटमधील निबंध नोव्हेंबरचा. दोन्हींत एकूण परिणामकारकता ७७.८ टक्केच आहे, तेव्हा अशा वेळी परीक्षण झालेला निबंध द्यावा, एवढे पुरे.

राहिली आपल्या कुर्ल्यांच्या नोंदींतली खोट. २०२० च्या मार्चअखेरीपासून टाळेबंदीमुळे आपल्याला अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणांचे नमुने घेता आले नाहीत, आणि ते महिने सरासरीने भरून काढावेत असे मार्गदर्शक सुचवतात, असे आपण लिहिले आहे. तसे करू नका. तो काळ रिकामा ठेवा आणि कारण लिहा. शिवाय त्या महिन्यांत होड्या किनाऱ्यावर होत्या, पुढे नेहमीची पावसाळी मासेमारीबंदी लागली. म्हणजे खाडीवरचा मासेमारीचा ताणच त्या वर्षी वेगळा होता, आणि इतर वर्षांची सरासरी तेथे बसवली तर नेमकी तीच माहिती पुसली जाईल जी एखादा जाणकार परीक्षक आपल्याकडे मागेल. सुटलेल्या उधाणांच्या तारखा परिशिष्टात द्या, आणि त्या काळात कुर्ल्या पकडणाऱ्या स्थानिकांकडून तोंडी माहिती मिळवता आली असेल तर ती मोजणीपासून वेगळी, तोंडी माहिती म्हणूनच नोंदवा.